‘आता बोनस येणारच’: स्लॉट गेमचा बोनस नेमका ठरतो कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठा भाऊ, वय ३४, वर्षभर मोबाईलवर स्लॉट खेळतोय, म्हणजे पैसे लावून चित्रांची रिळं फिरवायचा खेळ. त्याचं म्हणणं, साधे स्पिन, म्हणजे रिळं फिरवायच्या नेहमीच्या खेपा, पैसे खातात, पण बोनस, म्हणजे मधूनच उघडणारी बक्षिसाची खास फेरी, लागला की सगळं वसूल होतं. दोनशेच्या वर स्पिन कोरडे गेले की तो म्हणतो, आता येणारच. दोन स्कॅटर (बोनस उघडणारी खास चिन्हं) येऊन तिसरा एका घराने हुकला की म्हणतो, गेम तापलाय. हल्ली तो बोनस थेट विकत घ्यायला लागलाय. धाकट्याला विचारायचंय ते एवढंच की बोनस खरोखर कसा ठरतो, आणि दादाच्या बोलण्यात काही तथ्य आहे का.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर अकरा वर्षं हेच काम केलं. पुण्यात बसून ब्रिटन आणि युरोपातल्या परवाना असलेल्या साइटसाठी स्लॉटचं गणित मांडायचं. चित्रं आणि संगीत दुसरी माणसं करायची. बोनस किती स्पिनमागे यावा आणि आला की किती द्यावा, हे माझ्या शीटवर ठरायचं. त्यामुळे उत्तर लांबेल, पण आकडे मांडून सांगते. दादाला नुसतं ‘वाईट आहे, सोड’ म्हणून पटणार नाही. गणित समोर ठेवलं तर कदाचित तो ऐकेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. बोनसमध्ये मिळणारा पैसा वेगळा कुठून येत नाही. गेमचा एकूण परतावा आधी ठरतो, समजा ९६ टक्के. म्हणजे लाखो स्पिनमध्ये लावलेल्या दर १०० रुपयांतले ९६ खेळणाऱ्यांकडे परत जातात आणि ४ कंपनीकडे राहतात. मग त्या ९६ची वाटणी करायची. माझ्या शीटवर बहुतेक वेळा साध्या खेळाला साठ-बासष्ट आणि बोनसला उरलेले, असं काहीसं असायचं. बोनस जितका मोठा आणि झगमगीत करायचा, तितका साधा खेळ कोरडा करावा लागतो. साधे स्पिन पैसे खातात हे दादाचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ते खातात, कारण त्यांच्या वाट्याचं बोनसला दिलेलं असतं. मात्र हा पैसा तुमच्या नावाने कुठल्या गल्ल्यात साठत नाही. ही वाटणी फक्त शक्यतांची, कागदावरची. दादाची चूक होते ती नेमकी इथे.

आता एक साधा गेम उघडून दाखवते. नव्या मुलांना शिकवताना मी हाच घ्यायचे. पाच रिळं, म्हणजे शेजारी-शेजारी फिरणारे पाच उभे रकाने, प्रत्येकाच्या पट्टीवर ३० चिन्हं, पडद्यावर एका वेळी त्यातली तीन दिसतात. स्कॅटर फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रिळावर. तिन्हींवर एकदम दिसला तर १० फ्री स्पिन. पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीवर मी दोन-दोन स्कॅटर ठेवते, एकमेकांपासून लांब. म्हणजे ३० पैकी ६ थांब्यांवर स्कॅटर पडद्यात येतो, पाचात एकदा. पाचव्या पट्टीवर मात्र एकच ठेवते, म्हणजे ३० पैकी ३ थांबे, दहात एकदा. ५ गुणिले ५ गुणिले १०. बोनस सरासरी २५० स्पिनमागे एकदा.

या पट्ट्यांकडे जरा थांबून पाहा. पहिले दोन स्कॅटर दर २५ स्पिनला एकत्र येतात. तेव्हा संगीत चढतं, शेवटचं रीळ मुद्दाम जास्त वेळ फिरतं, बाकीचा पडदा अंधारतो. आणि दहापैकी नऊ वेळा तिसरा येत नाही. एका बोनसमागे नऊ वेळा श्वास रोखून धरायचा. पाचव्या पट्टीवर आणखी एकच स्कॅटर वाढवला असता तर बोनस १२५ स्पिनमागे आला असता आणि हुरहूर निम्म्याच्या जवळ आली असती. तो वाढवायचा नाही हे आम्ही ठरवतो, समजून-उमजून ठरवतो. ‘एका घराने हुकला’ म्हणजे स्कॅटर चौकटीच्या लगेच वर किंवा खाली असताना पट्टी थांबली. ३० पैकी असे दोन थांबे असतात, आणि तो थांबा बोनसपासून इतर कुठल्याही थांब्याइतकाच दूर असतो. गेम तापत नाही. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की असं थोडक्यात हुकणं मेंदूतल्या जिंकण्याशी जोडलेल्या भागांना चाळवतं आणि माणसाला पुढे खेळावंसं वाटतं. दादाला जे वाटतं ते खरोखर वाटतं. फक्त गेममध्ये तसं काही घडलेलं नसतं.

बटण दाबलं त्या क्षणी सर्व्हरवरचा आरएनजी, म्हणजे यादृच्छिक आकडे देणारा प्रोग्राम, पाच आकडे उचलतो आणि पाचही रिळांचे थांबे ठरतात. तुमच्या मोबाईलवर जे फिरताना दिसतं ते ठरून गेलेल्या निकालाचं चलचित्र असतं. याचा पुरावा घरीच पाहायला मिळतो. फ्री स्पिन चालू असताना नेट गेलं तर परत जोडल्यावर गेम जिथे होता तिथून पुढे सुरू होतो किंवा जिंकलेली रक्कम खात्यात आलेली असते. बोट मध्येच दाबून रीळ थांबवलं म्हणून काही बदलत नाही, फक्त चलचित्र लवकर संपतं.

(जुन्या यांत्रिक मशीनवर हे असं नव्हतं. रिळावर जितकी चिन्हं मावतील तितकेच थांबे, त्यामुळे फार मोठं बक्षीस ठेवता येत नसे. इंगे टेल्नेस यांनी १९८४ साली पेटंट मिळवलं, त्यात दिसणाऱ्या रिळामागे संगणकातलं कितीतरी मोठं रीळ लावायची युक्ती होती. तिथून थांब्यांची संख्या हवी तेवढी वाढवता आली. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘रील एम इन’ या मशीनने बोनस वेगळ्या पडद्यावर आणला, मासेमारीचं चित्र होतं त्यात. आजचे बरेचसे बोनस त्याच वाटेने आलेले आहेत.)

‘दोनशे कोरडे गेले, आता येणारच.’ आपल्या गेममध्ये २५० स्पिन खेळूनही बोनस न येण्याची शक्यता १०० पैकी ३७ आहे. ५०० स्पिनांनंतरही १०० पैकी १३-१४ जण तसेच बसलेले असतात, हजारांनंतरही जवळजवळ दोघं. आणि ज्याचे ५०० कोरडे गेले, त्याच्या पुढच्या स्पिनला शक्यता तीच, २५०त एक. आरएनजीला मागचे स्पिन आठवत नाहीत.

मी संध्याकाळी १०० कोटी स्पिनचं सिम्युलेशन लावून घरी जायचे आणि सकाळी आकडे माझ्या शीटशी जुळतात का ते पाहायचे. २५०त एक बोनस असला की एवढ्या स्पिनांत सुमारे ४० लाख बोनस पडतात. त्यात लागोपाठच्या दोन स्पिनांना बोनस साधारण १६ हजार वेळा येतो, आणि सगळ्यात लांब दुष्काळ साडेतीन हजार स्पिनच्या पुढे सहज जातो. दोन्ही गोष्टी एकाच सरासरीच्या पोटात असतात. तो साडेतीन हजारांचा दुष्काळ संगणकासाठी एक ओळ असतो. पलीकडे बसलेल्या माणसासाठी ती अख्खी रात्र असते, हे मला फार उशिरा जाणवलं.

आता पैशाचं. एका स्पिनला १० रुपये धरू. बोनसपर्यंत सरासरी २५० स्पिन, म्हणजे २,५०० रुपये लावले. साध्या खेळाचा परतावा ६२ टक्के, म्हणजे १,५५० परत आले आणि ९५० गेले. बोनसच्या वाट्याला ३४ टक्के, म्हणजे एक बोनस सरासरी एका स्पिनच्या रकमेच्या ८५ पट, ८५० रुपये देतो. ९५० घालवून ८५० मिळाले. राहिलेले १०० म्हणजे २,५००चे चार टक्के, तेच कंपनीचे. हिशोब कुठूनही केलात तरी या चार टक्क्यांशी येऊन थांबतो.

पण ८५ पट ही सरासरी आहे, आणि सरासरी कुणालाच मिळत नाही. मी हा बोनस साधारण असा बांधेन: १०० बोनसपैकी ६० फक्त २० पट देतील, ३० बोनस ८० पट, ९ बोनस ३०० पट आणि एकच २,२०० पट. बेरीज करून पाहा, सरासरी ८५च येते. म्हणजे दहातले सहा बोनस २०० रुपये हातावर ठेवतात, तिथवर पोचायला ९५० गेलेले असताना. त्यातही हे २०० एकदम दाखवायचे नाहीत, दहा स्पिनांत थोडे थोडे करून, नाणी पाडत, बेरीज चढवत दाखवायचे. दादाला जे ‘वसूल झालं’ वाटतं, ते त्या ३०० पटीच्या नऊ वेळांपैकी एखाद्या वेळेचं लक्षात राहिलेलं चित्र असणार. २,२०० पटीचं चित्र मोबाईलवर पसरवलं जातं, २० पटीचं कुणी पसरवत नाही.

फीचर्सची नावं शेकड्यांनी आहेत, पण मागचं गणित मोजक्या साच्यांचं. फ्री स्पिनमध्ये पुन्हा तीन स्कॅटर आले की आणखी १० मिळतात, याचं फार आकर्षण असतं. पट्ट्या त्याच असतील तर १० स्पिनचे सरासरी १०.४ होतात. अर्धा स्पिनसुद्धा वाढत नाही.

चिन्हं फुटून नवी पडत राहतात आणि प्रत्येक वेळी गुणक वाढतो, तो कॅस्केडचा साचा. जिंकण्याची शक्यता चारात एक धरली तर लागोपाठ पाच वेळा फुटायला १,०२४त एक. गुणक मोठा असतो तो याच कारणाने, गेमच्या उदारपणामुळे नव्हे. मेगावेजमध्ये जिंकायच्या १,१७,६४९ वाटा असतात असं लिहिलेलं वाचून माणूस हरखतो. सहा रिळांवर प्रत्येकी सात चिन्हं आली तर सातचा सहावा घात, एवढाच त्याचा अर्थ. वाटा वाढल्या की प्रत्येक वाटेचं बक्षीस त्याच प्रमाणात कमी करायचं असतं. परतावा तोच राहतो.

‘होल्ड अँड स्पिन’बद्दल मात्र जरा सांगायला हवं, कारण त्यात माणसं फार गुंततात. १५ घरांची चौकट, सहा नाणी आली की ती जागेवर चिकटतात आणि तीन स्पिन मिळतात. नवं नाणं पडलं की मोजणी पुन्हा तीनवर. सगळी घरं भरली तर मोठं बक्षीस. रिकाम्या घरात नाणं पडायची शक्यता समजा वीसात एक. नऊ घरं रिकामी असताना एका स्पिनला काहीतरी पडण्याची शक्यता १०० पैकी ३७, त्यामुळे सुरुवातीला मोजणी पुन्हा पुन्हा तीनवर येते आणि गाडी पळतेय असं वाटतं. पण घरं भरतात तशी पडायला जागाच कमी होते. १४ भरून एकच घर उरलं की तीन स्पिनांत ते भरायची शक्यता १०० पैकी फक्त १४. ‘एकच राहिलं होतं गं’ असं मला माझ्याच एका नातेवाईकाने कळवळून सांगितलं होतं. त्याला वाटत होतं तो १५ पैकी १४ पायऱ्या चढलाय. शेवटची पायरी आधीच्या कुठल्याही पायरीहून उंच होती.

पेट्या उघडायच्या बोनसमध्ये लोक विचारतात, दुसरी पेटी उघडली असती तर? काही गेममध्ये रक्कम पेट्या दिसायच्या आधीच ठरलेली असते, कुठलीही उघडा, तेच निघतं, आणि न उघडलेल्या पेट्यांतले मोठे आकडे नुसते दाखवायचे असतात. काहींत निवड खरी असते. पण आत काय आहे हे कळायचा काहीच मार्ग नसल्याने कौशल्य दोन्हीकडे शून्य. नियमांच्या पानावर हे लिहिलेलं असतं.

पडद्याच्या कोपऱ्यात नाण्यांनी फुगत जाणारा घडा किंवा डुक्कर असतं, तेही असंच. बहुतेक गेममध्ये ते फुगणं निव्वळ चित्र असतं. धंद्यात याला ‘परसीव्ड पर्सिस्टन्स’ म्हणतात, म्हणजे साठतंय असं भासवणं. आता इथे प्रामाणिकपणे अपवाद सांगते. काही गेममध्ये गोळा केलेली चिन्हं खरोखर मोजली जातात, आणि ‘अमुक रकमेच्या आत पडणारच’ अशी अट असलेले जॅकपॉट असतात. तिथे मागच्या स्पिनांना अर्थ असतो. पण ते नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर साठत नाही असंच धरायचं.

बोनस विकत घेणं. आपला ८५ पटीचा बोनस ९६ टक्के परताव्याने विकायचा तर किंमत ८८ पटीच्या आसपास. १० रुपयांच्या खेळात ८८० रुपये. टक्केवारीने पाहिलं तर यात साध्या खेळापेक्षा जास्त लूट नाही. फरक वेगाचा आहे. तीन सेकंदांना एक असे २५० स्पिन खेळायला साडेबारा मिनिटं लागतात आणि सरासरी १०० रुपये जातात. विकत घेतलेला बोनस मिनिटभरात संपतो, तेवढ्याच वेळात बारा घेतले तर १०,५६० रुपये फिरतात आणि सरासरी ३६० जातात. शिवाय प्रत्येक वेळी दहात सहा वेळा ८८० देऊन २०० हातात. असे चार एकामागोमाग लागणं अगदी नेहमीचं, पाच मिनिटांच्या आत २,७०० रुपये गेलेले असतात. दादा हल्ली हे करतोय हे वाचून मला प्रश्नातल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त काळजी वाटली.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने हे ओळखूनच नियम कडक केले. तिथे बोनस विकत घेण्याची सोय चालत नाही. ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटचा एक स्पिन अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपता कामा नये, ऑटोप्ले (आपोआप एकामागोमाग स्पिन) नाही, आणि लावलेल्या रकमेइतकं किंवा त्याहून कमी परत आलं तर जिंकल्याचं संगीत वाजवायचं नाही. शेवटचा नियम आला तेव्हा आम्हाला जुन्या गेमचे आवाज काढावे लागले. १० लावून ४ परत आल्यावर वाजणारी ती सनई इतक्या ठिकाणी होती, की ती काढल्यावर गेम किती शांत असतो हे पहिल्यांदा ऐकू आलं. २०२५च्या एप्रिलपासून तिथे एका स्पिनला जास्तीत जास्त पाच पौंड, आणि मे महिन्यापासून २५ वर्षांखालच्यांना दोनच पौंड लावता येतात.

साइट खातं उघडताना देते तो बोनस ही वेगळी चीज, नाव मात्र एकच. हजार रुपये बोनस, ३५ पट खेळायची अट, म्हणजे ३५,००० रुपयांचे स्पिन केल्याशिवाय काढता येणार नाही. ३५,०००चे चार टक्के १,४००. हजाराच्या भेटीसाठी सरासरी चौदाशे.

हे सगळं झालं तपासलेल्या गेमचं. तिथे प्रयोगशाळा आरएनजी आणि परतावा तपासते, आणि तरीही हे असं आहे. त्यातसुद्धा एकच गेम ९६, ९४, ९२ अशा निरनिराळ्या परताव्यांत साइटला दिला जातो, दिसायला तंतोतंत सारखा. कुठला लावलाय ते फक्त नियमांच्या पानावर कळतं.

दादा भारतात बसून मोबाईलवर पैसे लावून खेळतोय, तेव्हा त्याच्या हातात यातलंही काही नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे पैशाचे व्यवहार यांवर बंदी आणली. असे गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे दादाला जरूर सांगा, कारण भीतीपोटी माणसं लपवत राहतात. गोव्यात मांडवीतल्या जहाजांवर परवान्याने चालणारी मशीन वेगळी, तिथे निदान तक्रार करायला दार आहे. टेलिग्रामच्या लिंकवरून उतरवलेल्या अ‍ॅपमागे कोण आहे हेच माहीत नसतं. नामांकित गेमची चित्रं चोरून मागे हवं ते गणित बसवता येतं. मी वर मांडलेले २५०, ८५, ९६ हे आकडे तिथे कुणी पाळतं असं समजायला कसलाच आधार नाही. सुरुवातीला बोनस भरभरून आला आणि मग आटला, असं दादा सांगत असेल तर त्याच्या नशिबाआधी मला त्या अ‍ॅपचा संशय येईल.

तुम्ही काय करू शकता? वाद घालू नका. सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट काढायला सांगा आणि दोघं शेजारी बसून दोन रकाने करा, त्या अ‍ॅपकडे गेलेले आणि तिथून आलेले. बोनसचे स्क्रीनशॉट बाजूला ठेवा, बेरीज फक्त बँकेची. ती त्यालाच करू द्या. रक्कम अडकवून ‘आधी टॅक्स भरा मग पैसे काढा’ असं सांगितलं जात असेल तर एक रुपयाही न भरता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर कळवा. आणि बेरीज पाहून तो गप्प झाला, झोप उडालीय, उधारी झालीय असं निघालं, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक त्याच्यासमोरच लावा. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा तुम्ही बोला, मग फोन त्याच्याकडे द्या.